शून्याच्या खाली गेलेला आकडा

उज्ज्वला बाविस्करला सगळे भित्री म्हणायचे, आणि ती कधी नाकारायची नाही. लहानपणी, सुरतेतल्या गोडादऱ्याच्या त्यांच्या दोन खोल्यांमध्ये झोपण्याआधी ती गॅसचं बटण तीनदा बघायची, दाराची कडी ओढून बघायची, मग भावाच्या शाळेच्या दप्तरात वह्या आहेत का तेही बघायची. तिची माय उषाबाई दिवसभर साड्यांचे सुटे धागे कापत बसलेली असायची. ती शेजारणींना सांगायची, "हाई पोर घाबरट शे, पन घाबरी घाबरी आख्खं घर तपासस."

वडील, मगन बाविस्कर, पारोळ्याहून सुरतेला आले आणि बत्तीस वर्षं यंत्रमागावर उभे राहिले. त्या खडखडाटात त्यांचे दोन्ही कान गेले. घरात त्यांच्याशी बोलायचं तर समोर उभं राहून, ओठ हलवून बोलावं लागे. मोठा भाऊ भटू दहावीनंतर वेल्डिंग शिकला. उज्ज्वला महापालिकेच्या मराठी शाळेतून निघाली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि रिंग रोडच्या कापड मार्केटांमध्ये कॅमेरे बसवणाऱ्या एका दुकानात लागली.

त्या दुकानात तिला तिचा विषय सापडला. कॅमेऱ्यांची चित्रं साठवणारे डबे अधूनमधून गोठायचे. बाकीचे मेकॅनिक डबा बंद करून पुन्हा चालू करायचे आणि पुढच्या दुकानी जायचे. उज्ज्वलाला तेवढ्यावर चैन पडेना. तो गोठला का, हे कळल्याशिवाय तिला वाटायचं की तो पुन्हा गोठणार, आणि तेव्हा कोणीतरी चोर आत शिरलेला असणार. शोधता शोधता ती डब्याच्या आतल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपर्यंत पोचली, आणि त्याच्याही आत, कर्नलपर्यंत. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. कोणत्या प्रोग्रामला किती वेळ द्यायचा, किती मेमरी द्यायची, आणि मेमरी संपली तर कोणाला मारायचं, म्हणजे बंद पाडायचं, हे तो ठरवतो. तो उघडा असतो. जगात कोणीही वाचू शकतं. उज्ज्वलाने वाचायला सुरुवात केली. इंग्रजी अडखळत, एकेक ओळ, तीन-चार वर्षं.

एकतिसाव्या वर्षी ती योगराज वाणींच्या कंपनीत होती. उधना-मगदल्ला रस्त्यावर, टाइल्सच्या दुकानाच्या वर, नऊ माणसांची कंपनी. योगराजभाई मूळचे अमळनेरचे, बोलायला मोकळे, कामाला वाघ. ते कारखान्यांसाठी छोटे संगणक बनवायचे, आणि सुरतेजवळच्या हजीऱ्याच्या एका रसायन कारखान्यात त्यांचा एक डबा लागलेला होता. कारखान्याच्या टाक्यांपाशी वायू हुंगणारे बारा सेन्सर होते. त्यांचं वाचन या डब्यात यायचं. वायू मर्यादेपुढे गेला की डब्यातला एक प्रोग्राम भोंगा वाजवायचा. त्याच डब्यात कॅमेऱ्यांची चित्रं सांभाळणारा प्रोग्राम होता आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर आकडे दाखवणारा तिसरा.

एकाने दुसऱ्याची मेमरी खाऊ नये म्हणून तिघांचे तीन गट केलेले होते. प्रत्येक गटाला मेमरीची हद्द. हद्द ओलांडली की कर्नल त्या गटातला प्रोग्राम मारतो, म्हणजे बाकीचे दोन जगतात. व्यवस्था चांगली होती, पण मोजणीत एक खोट होती. मेमरीच्या एखाद्या तुकड्याला जो गट पहिल्यांदा हात लावेल, तो तुकडा कायमचा त्याच्या नावावर पडायचा. डबा चालू होताना भोंग्याचा प्रोग्राम सगळ्यांत आधी उठायचा आणि सामाईक जागा साफ करून ठेवायचा. त्या जागेत पुढे दिवसभर चित्रं ठेवायचे कॅमेरे, पण बोजा दिसायचा भोंग्याच्या नावावर. मग महिन्यातून दोन-तीनदा कर्नल भोंग्यालाच मारायचा. वीस सेकंदांत तो पुन्हा उभा राहायचा खरा. पण ते वीस सेकंद कारखान्याला कान नसायचे.

भोंग्याचा प्रोग्राम दुसऱ्या कंपनीचा, सीलबंद. त्यात हात घालायची परवानगी नव्हती. हद्द वाढवून पाहिली तर सगळा डबाच गुदमरू लागला. तेव्हा उज्ज्वला म्हणाली, "कर्नलची मोजणीच बदलू या. तुकडा जो गट खरंच वापरतोय, त्याच्या नावावर सरकवायचा. याच्यातून वजा, त्याच्यात जमा."

योगराजभाईंनी विचारलं, "जमेल तुला?"

"जमेल. पण भीती वाटते."

"तुला जिन्याचीपण भीती वाटते," ते हसून म्हणाले. "कर."

अडीच महिने लागले. चाचण्या चारशे वेळा चालवल्या. त्यांतल्या एका फेरीत, फक्त एका, नोंदीमध्ये एक ओळ उमटली: एका गटाची मोजणी शून्याच्या खाली गेली. तिने तीच फेरी तीस वेळा पुन्हा चालवली. ती ओळ पुन्हा आली नाही. चाचणीचा संगणक जुना होता, त्याची एक मेमरीपट्टी सैल असल्याची तक्रार आधीही झालेली होती. बाहेर योगराजभाई विचारत होते, मंगळवारी बसवायचं का? उज्ज्वलाने आयुष्यात पहिल्यांदा एक कडी ओढून न बघता सोडून दिली. म्हणाली, बसवा.

पहिले चार दिवस सगळं सुरळीत होतं. डबा दर तासाला ऑफिसला एक अहवाल पाठवायचा, त्यात तिन्ही गटांचे आकडे असायचे. बाहेरून डब्यात शिरता मात्र यायचं नाही. कारखान्याचा तसा नियम होता. भोंगा एकदाही मेला नाही. भोंग्याच्या गटाला चाळीस एमबी लागायचे. शनिवारी छत्तीस दिसले, सोमवारी तीस.

योगराजभाई खुशीत होते. त्यांनी सगळ्यांसाठी लोचो, सुरतेचा डाळीचा गरम नाश्ता, मागवला. "बघा, मेमरी कमी लागायला लागली! कारखान्याला दाखवायला हा आलेखच पुरे."

उज्ज्वला लोचो हातात धरून त्या आलेखाकडे पाहत राहिली. कॅमेऱ्यांचा बोजा निघून गेल्यावर आकडा एकदा खाली यावा, हे बरोबर होतं, आणि तो पहिल्याच तासात आला होता. चाळीस ही त्यानंतरचीच गरज होती. मग तो अजून का उतरतोय? त्या प्रोग्रामचं काम तर तेवढंच होतं. माणूस तेवढंच काम करत असताना रोज त्याचं वजन घटत गेलं, तर घरचे आनंदी होत नाहीत, डॉक्टरकडे नेतात.

"योगराजभाई, हे बरोबर नाहीये," ती म्हणाली.

"भोंगा मेला का?"

"नाही."

"मग खा."

त्या आठवड्यात घरी वेगळीच धांदल होती. भटूला ठेकेदाराने हजीऱ्याला घेतलं होतं. कारखान्याची वार्षिक दुरुस्ती निघाली होती आणि वेल्डर हवे होते. रोज सकाळी सहाला बस लिंबायतच्या नाक्यावरून माणसं उचलायची. दोन दिवस उज्ज्वलाला एवढंच माहीत होतं. बुधवारी भटूने गेटपास खिशातून काढून कपाटावर ठेवला, आणि त्यावरचं कारखान्याचं नाव तिने वाचलं.

"भाऊ, तू टाक्यांकडे आहेस?"

"चार नंबरच्या टाकीजवळ. पाइप बदलतोय." भटू पायावर पाणी ओतत होता. "का?"

"काही नाही. तिथे वायूची तपासणी करतात ना?"

"सकाळी साहेब मशीन घेऊन येतो, हुंगवतो, मग परवाना देतो. दिवसभर मग त्यांचा भोंगा आहेच." तो हसला. "तूच लावलाय ना तो?"

उषाबाई हातातला धागा कापता कापता थांबली. मुलीचा चेहरा तिने पाहिला. "काय व्हयनं?"

"काही नाही, माय."

"काही नही तं जेव."

उज्ज्वलाने दोन घास खाल्ले. तिच्या डोक्यात हिशेब चालू होता: बुधवारी संध्याकाळी सव्वीस. रोज दोन-तीनने उतरतोय. शून्यावर यायला निदान आठवडा आहे. उद्या सकाळी ऑफिसात गेल्या गेल्या चूक शोधायची, शुक्रवारी जुना कर्नल परत बसवायचा. आठवडा म्हणजे पुष्कळ झाला. असं स्वतःला सांगून ती अंथरुणावर पडली, तरी दोनदा उठून दाराची कडी ओढून आली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला तिने अहवाल उघडला. आकडा होता अकरा.

रात्रभरात पंधरा उतरला होता. ती खुर्चीत बसली आणि कॅमेऱ्यांच्या गटाचे आकडे काढले. दुरुस्तीचं काम बुधवारी रात्रीपासून चोवीस तास चालू झालं होतं. माणसांची ये-जा, वेल्डिंगच्या ठिणग्या. कॅमेऱ्यांसमोर सतत हालचाल, म्हणजे सतत नवी चित्रं, म्हणजे तुकड्यांची सरकवासरकवी आधीच्या कितीतरी पट. प्रत्येक सरकवण्यात कधीतरी एकदा काहीतरी चुकत होतं. जेवढी सरकवासरकवी जास्त, तेवढ्या चुका जास्त.

काय चुकतंय, हे तिला अकराच्या सुमारास दिसलं. डब्यात चार प्रोसेसर होते. त्यांतले दोन प्रोसेसर एकाच क्षणी एकाच तुकड्यापाशी पोचले, तर दोघेही तो भोंग्याच्या नावावरून वजा करायचे. एकदाच वजा व्हायला हवा, तो दोनदा व्हायचा. लाखात एखाद्या वेळी. चारशे फेऱ्यांत दिसलेली ती एक ओळ मेमरीपट्टीची नव्हती. ती हीच चूक होती.

आणि आकडा शून्याच्या खाली गेला की काय होणार, हेही तिला ठाऊक होतं. कर्नलच्या या मोजणीला ऋण आकडा कळत नाही. मागावरचा मीटर शून्यावरून एक घर उलटा फिरवला तर तो ९९९९ दाखवतो, तसंच. खाली गेलेला आकडा कर्नलला अवाढव्य दिसणार. गटाने हद्द केव्हाच ओलांडली असं समजून तो भोंग्याला मारणार. वीस सेकंदांनी भोंगा उठणार, उठताक्षणी कर्नल पुन्हा मारणार. आणि कोणी डबा बंद करेपर्यंत तो हे करत राहणार.

ती योगराजभाईंच्या केबिनमध्ये गेली. ते फोनवर होते. तिने हाताने खूण केली, त्यांनी थांब म्हणून खूण केली. ती उभीच राहिली. फोन संपल्यावर तिने सांगितलं.

त्यांचा चेहरा उतरला, पण आवाज त्यांनी शांत ठेवला. "आत्ता आकडा किती?"

"बाराला दोनवर आला होता."

"म्हणजे अजून शून्याच्या वर आहे. खात्री कर, उज्ज्वला. तुझ्या टेबलावरच्या डब्यावर घडवून दाखव. दुरुस्ती चालू असताना कारखाना थांबवा म्हणून फोन करायचा, आणि नंतर निघायचं काहीच नाही... पुन्हा कोणी आपल्याला दारात उभं करणार नाही."

ती टेबलाशी आली. डब्यावर खोटे कॅमेरे सोडले, शंभरपट वेगाने. एकच आज्ञा तिने तीनदा चुकीची टाइप केली. बारा वाजून पन्नास मिनिटांनी पडद्यावर ती ओळ आली. मग लगेच दुसरी. मग तिच्या टेबलावरचा भोंग्याचा प्रोग्राम मेला, वीस सेकंदांनी उठला, मेला, उठला, मेला.

तेवढ्यात एक वाजला आणि हजीऱ्याचा अहवाल आला. भोंग्याच्या गटासमोर वीस अंकी आकडा होता.

ती योगराजभाईंना विचारायला गेली नाही. कंट्रोल रूमचा नंबर भिंतीवर चिकटवलेला होता. तिने तो लावला. पलीकडे धनसुखभाई होते, पंचवीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेले पाळीप्रमुख.

"धनसुखभाई, मी उज्ज्वला. तुमचा भोंगा बंद पडलाय. टाक्यांजवळची माणसं बाहेर काढा."

"शुं वात करो छो, बेन?" त्यांना हसू आलं. "अहीं बधुं लीलुं छे. बारे बार लीला." पडद्यावर बाराच्या बारा सेन्सर हिरवे होते.

ते हिरवे का, ते तिला कळलं आणि ती आणखीच घाबरली. पडदा दाखवणारा प्रोग्राम तिसऱ्या गटात होता. तो जिवंत होता. भोंग्याकडून शेवटचं जे वाचन मिळालं, तेच तो धरून बसला होता.

"धनसुखभाई, आकड्यांच्या बाजूला बारीक अक्षरांत वेळ असते. ती वाचा."

"वेळ?" खुर्ची करकरली. ते बहुधा पडद्याजवळ वाकले. "बार ने एकवीस." म्हणजे बारा वाजून एकवीस मिनिटं.

"आणि तुमच्या घड्याळात?"

धनसुखभाईंनी कोणाला तरी मोठ्याने हाक मारली, रिसीव्हर टेबलावर आपटला, आणि काही क्षणांनी फोनमधूनच उज्ज्वलाला हाताने वाजवायच्या भोंग्याचा आवाज ऐकू आला. लांब, चढता, पुन्हा पुन्हा.

एक वाजून सात मिनिटं झाली होती. शेहेचाळीस मिनिटं कारखाना बहिरा होता.

तिने भटूला फोन लावला. लागणारच नव्हता. मोबाइल गेटवरच्या कपाटात ठेवून आत जायचं, हा नियम तिला चांगला ठाऊक होता. तरी तिने नऊ वेळा लावला. कपाटात वाजत असेल तो, कोणी उचलणार नाही, हे कळत असूनही.

योगराजभाई मागे उभे होते. तिने काय केलं ते त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी जुन्या कर्नलचा सुटा डबा उचलला आणि गाडीची किल्ली घेतली.

मगदल्ल्याच्या पुलावर ट्रकांची रांग लागलेली होती. एरवी पाऊण तासाचा रस्ता. उज्ज्वला पुढे बसली होती, मांडीवर डबा, आणि पुलाच्या पलीकडच्या आकाशाकडे पाहत होती. हजीऱ्याच्या बाजूला चिमण्यांचा धूर नेहमीच असतो. आज तिला प्रत्येक धूर वेगळा वाटत होता. हा नेहमीचा का? तो काळा पहिल्यापासून होता का? शेहेचाळीस मिनिटांत एखादी ठिणगी, एखाद्या पाइपाचा सैल झालेला सांधा... ती मनातल्या मनात मायला काय सांगायचं त्याची वाक्यं जुळवत होती आणि प्रत्येक वाक्य अर्ध्यावर सोडत होती. समोरून एक रुग्णवाहिका आली, दिवा न लावता, सावकाश. ती वळून पाहत राहिली, दिसेनाशी होईपर्यंत.

योगराजभाई पुलाच्या मध्यावर बोलले. "ते विचारतील, चाचणीत दिसलं नव्हतं का म्हणून. नाही म्हण. चारशे फेऱ्या केल्या, कशातच दिसलं नाही. नऊ घरं आहेत आपल्यावर, उज्ज्वला."

तिला फक्त भटू दिसायला हवा होता.

गेटच्या आत, झाडाखालच्या मोकळ्या जागेत साठ-सत्तर माणसं उभी होती. निळ्या टोप्या, पिवळ्या टोप्या. उज्ज्वला धावतच गेली. गर्दीत एकेक चेहरा शोधू लागली. एक नाही, दुसरा नाही, हाही नाही. तेवढ्यात मागून आवाज आला.

"तू आठे कसाले उनी?"

भटू जमिनीवर बसला होता, मांडीवर उघडा डबा, तोंडात घास. तिला इथे आलेली पाहून तो घाबरून उठला. "मायले काही व्हयनं का?"

तिने मान हलवली. नाही. तिने भावाचा दंड घट्ट धरला आणि तशीच उभी राहिली. आजूबाजूची माणसं बघत होती. भटूला लाज वाटत होती, पण त्याने हात सोडवून घेतला नाही.

दोन माणसं हातातली यंत्रं घेऊन टाक्यांमधून दीड तास फिरली. वायू कुठेच नव्हता. एकही सांधा गळत नव्हता. लोक सुटले म्हणून हसू लागले, कोणीतरी उज्ज्वलाकडे बोट दाखवून म्हणालं, "याच बेनने जेवणाचा घोटाळा केला." तिला हसता आलं नाही. काही झालं नाही, ते तिच्या सांभाळण्याने नव्हे; त्या शेहेचाळीस मिनिटांत फक्त कुठला सांधा सुटला नव्हता, एवढंच.

डबा बदलला. मग कारखान्याच्या सुरक्षा अधिकारी मालतीबाई कुलकर्णींनी दोघांना बोलावलं. पन्नाशीच्या, मूळच्या नांदेडच्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या बाई. त्यांनी सगळं लिहून घेतलं आणि शेवटी पेन खाली ठेवून विचारलं, "बसवण्याआधी तुमच्या चाचणीत हे कधी दिसलं होतं का?"

योगराजभाई टेबलाकडे पाहत होते. उज्ज्वलाला आपला आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा ऐकू आला.

"दिसलं होतं. एकदा. मी यंत्राचा दोष समजून सोडून दिलं."

मालतीबाईंनी तेही लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "चूक सापडली, ती दुरुस्त होईल. पण हा पडदा. पाऊण तास जुनं वाचन हिरव्या रंगात दाखवत होता, आणि माझी माणसं त्याच्यावर विसंबली होती. ती चूक तुमच्या या बदलाच्या आधीची आहे आणि आमच्याही नजरेतून सुटली. तुम्ही फोन केलात म्हणून कळलं." त्या थांबल्या. "तरीही तुमचा नवा डबा आता इथे चालणार नाही. निदान मी हो म्हणेपर्यंत."

परतीच्या रस्त्यावर योगराजभाई काही बोलले नाहीत, आणि पुढचे आठ दिवसही नाहीत. उज्ज्वलाने राजीनामा लिहून त्यांच्या टेबलावर ठेवला. तो तिथेच पेपरवेटखाली पडून राहिला. नवव्या दिवशी ते तिच्या टेबलाशी आले आणि रागानेच म्हणाले, "तू गेलीस तर हे निस्तरणार कोण? बस. कर पुरं."

घरी तिने मायला सगळं सांगितलं. सांगायला नकोसं वाटत होतं, पण लपवण्याची भीती जास्त होती. उषाबाईने ऐकून घेतलं. कात्री मांडीवर ठेवली.

"भटूले नको धाडूस का आते?" तिने विचारलं.

"ते मी कसं सांगू, माय?"

"मंग नीट कर ते," उषाबाई म्हणाली. "तठे लोकेसना बी पोरं शेतस."

दुरुस्ती लहान निघाली. तुकडा सरकवण्याआधी त्याच्यावर कुलूप घालायचं, एका वेळी एकच प्रोसेसर त्याला हात लावील. पाच ओळी. पण उज्ज्वला त्या पाच ओळींवर थांबली नाही. मोजणी शून्याच्या खाली जायला लागली, तर कर्नलने ती शून्यावर अडवायची, नोंदीत मोठ्याने ओरडायचं आणि कोणालाही मारायचं नाही, हेही तिने घातलं. पडद्यावरचं वाचन दहा सेकंदांहून जुनं झालं की तो राखाडी व्हायचा आणि त्यावर वेळ मोठ्या अक्षरांत यायची. आणि चाचणी चारशे फेऱ्यांची राहिली नाही, दहा हजारांची झाली. दोन प्रोसेसरांना मुद्दाम एकमेकांवर आदळवणारी चाचणी.

मग तिने तो बदल, स्वतःच्या नावाने, जगभरचे कर्नल लिहिणारे जिथे एकमेकांचं काम तपासतात तिथे पाठवला. पहिल्या परिच्छेदात तिने साधं लिहिलं: याच्या पहिल्या रूपामुळे एका कारखान्यातला धोक्याचा भोंगा शेहेचाळीस मिनिटं बंद होता, चाचणीत दिसलेली सूचना मी दुर्लक्षिली होती. पाठवायचं बटण दाबायला तिला अख्खी दुपार लागली. तीन दिवसांनी एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं. त्याने कौतुकाचा एक शब्द लिहिला नव्हता. गट मोडून टाकत असतानाच तुकडा सरकवला तर काय होईल, एवढाच प्रश्न विचारला होता. उज्ज्वलाने बघितलं. तिथे आणखी एक चूक होती. तिने तीही काढली. चौथ्या रूपावर अजून चर्चा चालू आहे.

साडेचार महिन्यांनी मालतीबाईंचा फोन आला. "घेऊन या," त्या म्हणाल्या, "पण मी सांगेन तसं तपासायचं."

त्या सकाळी उज्ज्वला कंट्रोल रूममध्ये धनसुखभाईंच्या शेजारी स्टुलावर बसली. भटू नव्हता, दुरुस्ती संपून तो कामरेजला दुसऱ्या कामावर गेला होता. बाहेर एक माणूस वायूची छोटी बाटली घेऊन पहिल्या सेन्सरपाशी उभा राहिला. कॅमेरे मुद्दाम पूर्ण वेगाने चालवलेले होते. धनसुखभाईंनी वायरलेसवर खूण केली. बाटली सुटली. पडद्यावरचा एक चौकोन हिरव्याचा पिवळा झाला, लाल झाला, आणि भोंगा इतक्या जोरात वाजला की उज्ज्वलाने कानांवर हात घेतले.

"बस ने, बेन?" धनसुखभाईंनी हसत विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बाराही करायचे."

धनसुखभाईंनी घड्याळाकडे पाहिलं, जेवणाच्या डब्याकडे पाहिलं आणि वायरलेस पुन्हा तोंडाशी धरला. दुसऱ्या सेन्सरला अकरा वाजून चार मिनिटांनी वायू लागला.